बॅटऱ्या का काढल्या नाहीत?

मित्रांनो, तुम्ही जुने झालात असं सहसा कुणी तोंडावर सांगत नाही. मला मात्र ते लेखी कळवण्यात आलं. माझ्या कमरेला सुतळीने एक लाल कार्ड बांधलं गेलं आणि त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं : ‘वस्तू : व्हिडिओ गेम, जुना. उपयोग : नाही. निर्णय : रविवारी भंगारात.’

कार्ड लिहिणारे गृहस्थ म्हणजे बबनराव. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी क्वालिटी खात्यात काढली. गाड्यांचे सुटे भाग हातात घ्यायचे, मोजायचे आणि केसाएवढा फरक निघाला तरी बाजूला टाकायचे. असा माणूस निवृत्त झाल्यावर देशातल्या गाड्यांचं काय होतं ते मला ठाऊक नाही. घराचं काय होतं ते सांगू शकतो. कंपनीत नको असलेल्या वस्तूला लाल कार्ड लावून कोपऱ्यात ठेवतात. ‘ही माझी’ म्हणत कुणी आलं तर ठीक, नाही तर भंगार. बबनरावांनी हा नियम चिखलीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये लागू केला. चपलांभोवती जमिनीवर पिवळी पट्टी आली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर झारा, उलथनं, सांडशी यांचे आकार रंगवले गेले, म्हणजे कोण जागेवर नाही ते लांबून दिसावं. त्यांच्या पत्नी विमलबाई आजवर झारा न बघता उचलत आणि न बघता ठेवत. आता त्यांना तो चित्रावर नेम धरून टांगावा लागे.

माझी रवानगी गॅलरीत झाली. शेजारी मिक्सरचं फुटकं भांडं आणि बिनदांड्याची छत्री. दोघं शांत होती. मी नव्हतो. वस्तूने शांत पडून राहावं अशी अपेक्षा असते, पण माझं कामच मुळी घाईचं. वरून विटा पडत असतात, खाली जागा शोधायची असते, थांबलं की खेळ संपला. असा जन्म मिळालेल्याने सुतळी बांधून घेऊन स्वस्थ कसं बसायचं?

त्यातून, मी कुणाचा आहे हे मला माहीत होतं. बबनरावांना वाटे, मी त्यांच्या मुलाचा, नवनाथचा. मी नवनाथचा नव्हतो. मी विमलबाईंचा होतो, आणि हे विमलबाई सोडल्या तर घरात कुणालाही ठाऊक नव्हतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. माझ्या खोक्यावर ‘नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ’ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात खेळ आठ-नऊच. बाकी सगळे तेच, फक्त जरा जास्त घाईत. तरी माझ्यावर फसवणुकीचा ठपका कुणी ठेवला नाही, कारण विटांच्या खेळाच्या पुढे कुणी गेलंच नाही. पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानात दोरीला लटकलेलो असताना बबनरावांनी मला बोनसच्या दिवशी नवनाथसाठी उचललं. तेव्हा ही मंडळी काळेवाडीत एका खोलीत राहत. करमाळ्याकडून येऊन नुकतीच कुठे बस्तान बसवत होती.

नवनाथ माझ्याशी दोन दिवस खेळला. तिसऱ्या दिवशी विमलबाईंनी मला त्याच्या हातून काढून घेतलं. “डोळे जातील. अभ्यास कोण करणार?” असं म्हणून त्यांनी मला ज्वारीच्या डब्यामागे लपवलं. त्या दिवशी दुपारी मुलगा शाळेत, नवरा फर्स्ट शिफ्टला आणि नळाला पाणी नाही, अशा निवांत वेळी, मी नीट लपलोय ना एवढं बघायला म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. बटण दाबलं. वीट पडली.

मित्रांनो, माझा खेळ साधा आहे. पडणाऱ्या विटा फिरवून सरळ ओळ रचायची. ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि वरून नव्या विटा सुरू. मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना हे जरा समजावून द्यावं लागे. विमलबाईंना नाही. पूर्ण झालेलं काम नाहीसं होतं आणि लगेच दुसरं येतं, हा नियम त्या भांडी घासताना रोजच पाळत होत्या. फरक एवढाच, की भांड्यांचे गुण कुणी देत नव्हतं. मी देत होतो. वर कोपऱ्यात आकडे वाढत, ओळ गेली की मी ‘टिर्रर्र’ असा आनंद व्यक्त करी, आणि सगळ्यात मोठा आकडा मी जपून ठेवी.

ती माझी उमेदीची वर्षं. मला रोज दुपारी हात लाभले. त्या हातांना कधी लसणाचा वास असे, कधी साबणाचा. माझ्या पाठीवरची अक्षरं त्या हातांनी पुसून गेली. कौतुक म्हणाल तर उघडपणे कुणी केलं नाही, कारण उघडपणे मी डब्यामागेच होतो.

एक खोड मात्र माझ्यात होती. माझी आठवण बॅटरीवर चाले. बॅटरी काढली की सगळ्यात मोठा आकडा शून्य. तेव्हा विमलबाईंनी साध्या पेन्सिल सेलऐवजी चांगल्या, जास्त टिकणाऱ्या बॅटऱ्या आणायला सुरुवात केली, आणि घरात सांगितलं की भिंतीवरच्या घड्याळाला त्याच लागतात. अशाच नव्या बॅटऱ्या घातलेल्या असताना एका दुपारी त्यांनी असा काही आकडा केला की त्या स्वतःच उठून उभ्या राहिल्या. आसपास सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी खिडकीतून खाली बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि मला पदराने पुसलं.

त्याच महिन्यात काळेवाडी सोडून चिखलीत यायचं ठरलं. बांधाबांधीत त्यांनी मला पत्र्याच्या डब्यात ठेवलं. बॅटऱ्या तशाच ठेवल्या. कशा काढणार? आकडा आत होता.

पुढे नवं घर, नवनाथची नोकरी, त्याचं लग्न, सासूबाईंचं आजारपण. एकेक वीट पडत गेली आणि डबा माळ्यावर सरकत गेला. तिथे माझ्या पोटात बॅटऱ्या सुजल्या, मग फुटल्या. त्यांच्यातून काहीतरी पाझरलं, सुकलं आणि त्याचे पांढरे-हिरवे खवले माझ्या स्प्रिंगांवर चढले. आतून अशी वळवळ चालू असे, की हात असते तर मी स्वतःला खाजवलं असतं. आकडा केव्हा गेला ते मला कळलंही नाही.

आता वर्तमानात येतो. बबनराव निवृत्त झाले आणि विमलबाईंची दुपार संपली. ते दुपारी झोपत नाहीत. ते फिरतात. बेसिनचा नळ घट्ट आहे का बघतात, गॅसची नळी हुंगतात, डाळीच्या बरण्यांची तोंडं पूर्वेकडे करतात. विमलबाई बसल्या की येऊन विचारतात, “काय शोधतेस?”

“काही नाही. बसलेय.”

“मग उठ जरा, तिथली फरशी बघायचीय.”

अशा एका दुपारी विमलबाईंना माझी आठवण झाली. त्यांनी स्टुलावर चढून डबा काढला, मला बाहेर घेतलं, बटण दाबलं. मी जीव खाऊन प्रयत्न केला. पडदा करडाच राहिला. माझं झाकण उघडायला गेलं तर तेही खवल्यांनी चिकटलेलं. ‘माझा गेम बंद पडलाय, दुरुस्त करून द्या’ असं म्हणायचं, तर ज्या खेळाने मुलाचे डोळे जाणार होते तो आपण वर्षानुवर्षं खेळलो हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून त्यांनी मला टेबलावर सहज दिसेल असं ठेवलं. नवरा दिवसभर काहीतरी उघडतच असतो, हाही उघडेल, असा त्यांचा हिशोब.

बबनरावांनी कार्ड लावलं.

नियमाप्रमाणे मालकाला विचारणं आलं. त्यांनी नवनाथला फोन लावला. तो पलीकडे वाकडमध्ये राहतो. फोन स्पीकरवर होता.

“तुझा तो विटांचा गेम निघालाय. हवाय का?”

“माझा कसला, पप्पा? मी दोन दिवस खेळलो. आईने लपवला होता.”

“म्हणजे नको?”

“टाकून द्या ना. माझा जीव नका खाऊ, मीटिंग आहे.”

विमलबाई कणीक मळत होत्या. त्यांचा हात थांबला. रविवार परवावर होता. मी गॅलरीतून त्यांच्या पाठीकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई, आता तरी बोला!

त्या बोलल्या, पण वेगळंच.

“तुमच्या कंपनीत न तपासताच रिजेक्ट करायचे का हो?”

बबनराव वळले. “म्हणजे?”

“नाही, विचारलं. उघडून न बघता उपयोग नाही असं लिहिलंत.”

मित्रांनो, एखाद्या क्वालिटीच्या माणसाला इतकं लागेल असं दुसरं काही नसावं. बबनरावांनी चष्मा बदलला, हातमोजे चढवले, मला गॅलरीतून उचलून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलं आणि पातळ स्क्रूड्रायव्हरने माझं झाकण उचकटलं. कट्! इतक्या वर्षांनी माझ्या पोटाला वारा लागला.

“अरे बाप रे,” ते म्हणाले. “हे तर किती खाल्लंय!”

त्यांनी लगेच खालच्या सयाजीला हाक मारली. सयाजी चिखलीतल्या जुन्या घराण्यातला. त्यांच्या शेतावर आता इमारती आहेत आणि त्यातल्याच आमच्या इमारतीखाली त्याचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान. त्याने येऊन माझ्या पोटात बोट दाखवलं.

“ह्यात काय इचारायचं, काका? ट्रकच्या बॅटरीला येतंय तेच. गरम पाणी, त्यात खायचा सोडा, ब्रशनं घासायचं. वरून व्हॅसलीन. झालं!”

“पण ही लहान बॅटरी आहे.”

“आवो, बॅटरी म्हंजी बॅटरी. ट्रकची आसू न्हाईतर घड्याळाची.”

बबनरावांची हयात गाड्यांत गेलेली, त्यांनाही ते पटलं. दोघांनी सुजलेल्या बॅटऱ्या काढून कागदावर ठेवल्या आणि मला सोड्याच्या पाण्याने घासलं. या कारखान्यांच्या पट्ट्यात कुणालाही काहीही झालं तर त्याची गाडी समजूनच दुरुस्ती होते, त्याला माझा इलाज नाही. खवले हलले नाहीत. घासून घासून एक स्प्रिंग मात्र वाकली, आणि एक काळी तार तिच्या टाक्यापासून तुटून आली. सयाजीने ब्रश खाली ठेवला.

“काका, न्हाई ऱ्हायलं ह्यात काय. जुना हाय त्यो. सोडा.”

विमलबाई दारात उभ्या होत्या. “सोडू नका,” त्या म्हणाल्या. मग सावरून म्हणाल्या, “म्हणजे, निम्मं काम झालंय ना.”

बबनराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली नोकरीतली जुनी सवय काढली. काहीच जमेना की ते पहिल्यापासून वाचायला घेत. त्यांनी कागदावरची एक फुगलेली बॅटरी उचलली, भिंग धरलं आणि तिच्या अंगावरचं बारीक अक्षर वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

“सयाजी, अल्कलाइन लिहिलंय.”

“मंग?”

“मग काय मंग! ट्रकच्या बॅटरीत अ‍ॅसिड. ते मारायला सोडा. ही तर उलटी आहे. हिच्यावर सोडा म्हणजे साखरेवर साखर. हिला आंबट पाहिजे.” ते थोडे थांबले. “चूक माझी. लेबल आधी वाचायला हवं होतं.”

“आईशप्पत,” सयाजी म्हणाला. “मी गाडीचं सांगितलं.”

विमलबाईंनी फ्रिजमधून लिंबू आणलं. बबनरावांनी कापसाच्या काडीने एकेक थेंब सोडला आणि माझ्या स्प्रिंगांवर बारीक फसफस झाली. मित्रांनो, ते सुख काय सांगू! इतक्या वर्षांची वळवळ फेस होऊन वर आली. काडी फिरली, खवले सुटले, खाली पिवळसर धातू दिसला. मग ओल्या कापसाने लिंबू पुसलं, कोरड्याने पाणी पुसलं, उरलेल्या गंजावर पॉलिश पेपर फिरवला. सयाजीने दुकानातून सोल्डरिंग गन आणून नवी तार जोडली. वाकडी स्प्रिंग चिमट्याने सरळ केली. मला तासभर उन्हात ठेवलं. उरलेलं अर्धं लिंबू बबनराव परत फ्रिजमध्ये ठेवायला निघाले होते, ते विमलबाईंनी हातातून घेऊन कचऱ्यात टाकलं.

नव्या बॅटऱ्या टेबलावर आल्या. मी उतावळा झालो. विमलबाई खुर्ची ओढून बसल्या, त्याही उतावळ्या. सयाजीचं दुकान उघडं पडलं होतं, तोही उतावळा. बबनराव मात्र उभे राहिले.

“थांबा. कारण सापडल्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही. व्हाय-व्हाय करायचं.”

सयाजीने कपाळावर हात मारला. कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारतात, पाचव्याला खरं कारण सापडतं. हे बबनरावांचं आवडतं काम.

“गेम चालू का होत नव्हता? करंट पोचत नव्हता. का? स्प्रिंग खाल्ली होती. का? बॅटऱ्या गळल्या. का? कित्येक वर्षं आत तशाच राहिल्या.” त्यांनी चार बोटं मिटली, पाचवं वर धरलं. “आता मुख्य. बॅटऱ्या का काढल्या नाहीत?”

सयाजीने घड्याळाकडे बघितलं.

“नवनाथचा निष्काळजीपणा,” बबनराव म्हणाले. “चला, हेच कारण धरू.”

“नवनाथचा नाही,” विमलबाई म्हणाल्या. “मी काढल्या नाहीत.”

“का?”

“काढल्या असत्या तर माझा स्कोअर गेला असता.”

सयाजीने आधी काकांकडे बघितलं, मग काकूंकडे.

“काकू, तुमी खेळायच्या?”

“रोज दुपारी. काळेवाडीत.”

“रोज?” बबनराव म्हणाले. “आणि मला इतकी वर्षं...”

“तुम्ही शिफ्टला असायचा.”

“पण कार्ड लावलं तेव्हा सांगायचंस ना, माझा आहे म्हणून!”

“पोराचे डोळे वाचवायला लपवला आणि स्वतः खेळत बसले, हे कसं सांगू? आणि मला कुठे विचारलंत? तुम्ही त्याला फोन केलात. घरात मीही होते की.” मग त्या ताठ बसल्या. “आता माझे ‘का’. दुपारी तुम्ही घरभर का फिरता?”

“फिरत नाही. तपासतो.”

“का?”

“काही राहून जाऊ नये म्हणून.”

“दोन माणसांच्या घरात काय राहून जाणारे? का तपासता?”

“बसवत नाही मला, विमल.”

“का?”

बबनरावांचं बोट अजून वर होतं. ते खाली आलं. “ठाऊक नाही,” ते म्हणाले. त्यांच्या नोकरीत हे उत्तर चालत नसे. त्यामुळे ते म्हणताना त्यांना जरा अडखळायला झालं.

“बरं. नसू दे ठाऊक,” विमलबाई हळू म्हणाल्या. “पण मला काय हवंय ते मला ठाऊक आहे. जेवणानंतर चहापर्यंत मला घर हवं. एकटीला. आणि हा गेम.”

“अख्खं घर?”

“अख्खं.”

सयाजी गडबडीने म्हणाला, “काका, दुकानात या की दुपारचं. माज्याकडं गिऱ्हाईक आसतंय, खुर्ची बी हाय.”

बबनरावांनी बॅटऱ्या उचलल्या, धन-ऋण दोनदा तपासून माझ्या पोटात बसवल्या, झाकण लावलं आणि मला विमलबाईंच्या हातात दिलं. स्वतः बटण दाबलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या माणसाला ते किती जड गेलं असेल!

विमलबाईंनी बटण दाबलं. मी उजळलो. टिर्रर्र! सयाजीने टाळी वाजवली. कोपऱ्यात सगळ्यात मोठा आकडा मात्र शून्य.

विमलबाई त्या शून्याकडे बघत बसल्या.

“किती होता?” बबनरावांनी विचारलं.

त्यांनी सांगितला.

“कुणी बघितला होता?”

“मीच. दुसरं कोण असणार?”

न तपासलेला आकडा बबनरावांनी आजवर कधी मान्य केला नव्हता. “धरला,” ते म्हणाले, चपला घातल्या आणि सयाजीबरोबर खाली गेले.

त्याला आता बरेच दिवस झाले. दुपारी बबनराव सयाजीच्या दुकानात असतात. तिथे गिऱ्हाइकाने बॅटरी मागितली की आधी ते त्याला लेबल वाचायला लावतात. सयाजी अधूनमधून वर फोन करतो. “काकू, लवकर आउट व्हा की राव, माझी गिऱ्हाइकं पळायला लागली!” विमलबाई फोन खांद्यावर धरून “लेव्हल मोठी आहे,” एवढंच सांगतात.

मित्रांनो, शेवटी माझी एक विनंती. एखादं यंत्र बरेच दिवस ठेवून द्यायचं असेल तर त्याच्या बॅटऱ्या काढून ठेवा. आत राहिलेली बॅटरी आतूनच खाते. गळलीच तर तिच्या अंगावरचं आधी वाचा, मग औषध लावा. आणि घरातलं जुनं काही टाकताना ‘हे कुणाचं’ म्हणून लांब फोन करण्याआधी, ज्यांच्यासमोर ते टाकताय त्यांना ‘तुम्हाला हवंय का’ एवढं विचारा. उत्तर लगेच येईलच असं नाही. थोडं थांबा.

परवा ऐन खेळात माझी शक्ती गेली. पडदा फिका झाला, आणि महत्प्रयासाने पुन्हा गाठत आणलेला आकडा मिटून गेला. मला ओशाळल्यासारखं झालं. विमलबाईंनी ‘चक्’ केलं. खणातून नव्या बॅटऱ्या काढल्या, जुन्या काढून बाजूला ठेवल्या, नव्या बसवल्या, आणि शून्याकडे न बघताच पहिली वीट फिरवली.